डोळ्यामागचं भोक

काकांच्या नावाचा एक प्राणी होता.

म्हणजे काकांनी तो पाळलेला नव्हता. त्याचं शास्त्रीय नाव काकांवरून ठेवलेलं होतं, एवढंच. प्राणी जाऊन अठ्ठावीस कोटी वर्षं उलटली होती, तेव्हा त्याचं मत घेण्याचा प्रश्न नव्हता. शेपटीसकट हातभर लांब, पाय आखूड, डोकं चपटं, चेहऱ्यावर कायमचा उपाशी भाव. पाहणारा पटकन ‘सरडा’ म्हणून मोकळा होईल असा. आणि नाव काकासॉरस. यातल्या ‘सॉरस’चा अर्थ सरडा. प्राणी सरडा नव्हता हे नाव ठेवणाऱ्या बाईंना पक्कं माहीत होतं. पण या शास्त्रात सरडा नसलेल्याला सरडा म्हणायची चाल जुनी आहे, आणि जुनी चाल मोडायला विद्वान माणूस सहसा पुढे येत नाही.

काकांचं खरं नाव वेगळं होतं. बाईंनी ते लॅटिनमध्ये बसवून पाहिलं तेव्हा ते प्राण्याच्या शेपटीपेक्षा लांब झालं. "जाऊ दे," बाई म्हणाल्या, "सगळं संग्रहालय तुम्हाला काका म्हणतं, प्राण्यालाही तेच चालेल." काका तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले होते. पण काही माणसं जन्मतःच काका असतात.

संग्रहालयाच्या तळघरात बसून हाडं मोकळी करायची, हे काकांचं काम. वरून खडकाचा गोळा यायचा. त्यात कुठेतरी एक कवटी असायची. काका तो गोळा वाळूच्या पिशवीवर ठेवायचे, भिंग डोळ्यासमोर ओढायचे आणि सुईने एकेक कण खरवडायला लागायचे. एका कवटीला आठ-आठ महिने लागत. बायको म्हणायची, "लोक डोंगर पोखरून निदान उंदीर तरी काढतात. तुम्ही पाल काढता. तीही मेलेली."

"पाल नाही ती."

"मग काय आहे?"

"ते अजून ठरायचंय."

हे ‘ठरायचंय’ म्हणजे बाईंचं खातं. बाई सरपटणाऱ्यांच्या विभागाच्या प्रमुख. अंगाने काटकुळ्या, आवाजाने दणदणीत, आणि हातात कायम अर्धा प्यालेला चहाचा कप. तळघरातल्या मोठ्या कपाटाला तीन खण होते आणि त्या तीन खणांमध्ये बाईंनी सगळी प्राचीन सृष्टी बसवलेली होती. पाहुणे आले की त्या खण उघडून सांगायच्या, "बाहेरून दिसण्यावर जाऊ नका. त्या काळी सरड्यासारखं दिसायची फॅशनच होती, दुसरं काही कुणाला परवडतच नव्हतं. डोळ्याच्या मागे बघा. कवटीत भोकं किती? दोन असली तर तो सरडे, साप, मगरी आणि पाखरांच्या बाजूचा. एक असलं तर तुमच्या-आमच्या बाजूचा, दूध पिणाऱ्यांच्या गोतावळ्यातला. आणि एकही नसलं तर फार जुन्या, साध्या, भोळ्या घराण्यातला."

"आणि हा चौथा खण?" कुणीतरी चौकस हमखास विचारायचा, कारण खाली एक चौथा खण होताच. त्यावर बाईंच्या आधीच्या कुणीतरी लिहिलेलं होतं: ‘सरड्यासारखे – इतर.’

"तो बघायचा नसतो," बाई म्हणायच्या.

प्रत्येक शास्त्रात ‘इतर’ नावाचा एक खण असतो. ज्याचं कुठे जमत नाही त्याला तिथे टाकतात, आणि मग शास्त्र सुरळीत चालतं. काकासॉरस मुळात याच खणातला एक दगड होता. काकांनी तो मोकळा केला, बाईंनी डोळ्यामागे पाहिलं, भोक सापडलं नाही. कवटीची उजवी बाजू चेपलेली होती, पण डावी बाजू कशी अंड्यासारखी सलग! बाईंनी त्याला बिनभोकाच्या खणात मानाची जागा दिली, त्याच्यासाठी एक स्वतंत्र कुळ स्थापलं, त्यावर निबंध लिहिला आणि विभागप्रमुख झाल्या. निबंधात एक वाक्य होतं, जे काकांच्या बायकोने चौकटीत लावून बैठकीच्या खोलीत टांगलं होतं: ‘ज्यांच्या हातून ही कवटी अखंड बाहेर आली, त्यांच्या नावे.’

त्या ‘अखंड’ शब्दाकडे काका फार वेळ पाहत नसत.

*

कारण असं की ती कवटी अखंड नव्हती.

एकतीस वर्षांपूर्वी काका कामावर नवे होते आणि त्यांचा हात अजून बसलेला नव्हता. त्याच आठवड्यात त्यांनी एका जबड्याचे दोन दात उडवले होते आणि बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हे सुईने केलंत की कुदळीने?" दुसऱ्याच दिवशी या कवटीवरचा खडक खरवडताना, डाव्या डोळ्याच्या मागे, सुई भसकन आत गेली. तिथे हाड नव्हतं, भुसभुशीत माती होती. माती निघाली आणि खाली वाटाण्याएवढं भोक राहिलं. काकांना एकच कळलं: आपण हे हाड फोडलं.

मग त्यांनी जे केलं ते तिशीतला कुठलाही घाबरलेला, हुशार माणूस करील तेच. प्लास्टर कालवलं. पांढरं दिसू नये म्हणून त्यात टेबलावर होता तो गार चहा घातला. भोक बुजवलं, वरून सुईने हाडासारखे बारीक चरे ओढले, वाळू दिलं. काम इतकं बेमालूम उतरलं की बाई भिंग लावून तासभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, हात सुधारला तुमचा."

भोकांना एवढी किंमत असते हे काकांना पुढे वर्षभराने कळलं. तोवर निबंध छापून झाला होता आणि त्याची चौकटही झाली होती.

तरीही वीस वर्षं त्यांनी स्वतःला समजावलं, की भोक आपणच पाडलं, आपण पाडलेलं आपण बुजवलं, हिशेब मिटला. मग अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या टेबलावर दुसऱ्या खणातला एक जुना जबडा साफसफाईला आला. एकभोक्या बाजूचा एक प्राणी होता, कुण्या जुन्या पंडिताने आपल्या सासूच्या नावावरून नाव ठेवलेला. ते प्रेमाने ठेवलं की सूड म्हणून, याबद्दल इतिहास गप्प आहे. नाव फार अवघड होतं, म्हणून तळघरात त्या प्राण्याला सगळे सासूबाईच म्हणत. तर या सासूबाईंच्या जबड्यावरून सुई फिरवताना काका थबकले. मागे कललेले दात, बुडाशी दाबल्यासारखे, पुढचे दोन जरा उंच. हे दात ते ओळखत होते. डोळ्यांच्या आधी सुईला कळलं होतं. हे काकासॉरसचेच दात.

आता दात एकच, तर प्राणी एकच. प्राणी एकच, तर त्याच्या डोळ्यामागे एक भोक असणारच. मग ते भोक काकांनी पाडलेलं नव्हतंच. ते जन्मापासूनचं होतं. आणि एका प्राण्याला दोन नावं पडली असली, तर नियम सरळ आहे: जुनं राहतं, नवं जातं. म्हणजे सासूबाई राहणार आणि काका जाणार.

काकांनी जबडा स्वच्छ पुसला, खणात परत ठेवला आणि अकरा वर्षं तोंडातून ब्र काढला नाही.

*

आणि आता, निवृत्तीला चार महिने उरलेले असताना, एका शुक्रवारी बाई जिना उतरून खाली आल्या. बरोबर हसतमुख चेहऱ्याचा एक माणूस होता. खिशात टेप, गळ्यात ओळखपत्र.

"काका, हे यंत्रवाले. बुधवारी मोठं यंत्र येतंय. वरचं नवं दालन शनिवारी उघडतंय, तिथे पडद्यावर कवटी आतून-बाहेरून फिरताना दिसणार. पहिला मान तुमच्या काकासॉरसचा."

यंत्रवाल्याने टेबलाची लांबी-रुंदी घेतली. काकांनी सुई पुसत, सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "काय हो, हाडात एखादी भेग-बिग असली, आणि कुणी ती प्लास्टरने भरलेली असली, तर ते यात कळतं का?"

"कळतं म्हणजे? ओरडून सांगतं, काका! हाड वेगळं, प्लास्टर वेगळं. तोंडाला पावडर फासून एक्स-रे काढायला बसलात तरी हाडं लपतात का?"

"नाही लपत," काका म्हणाले. "आपलं असंच विचारलं."

दुपारी काकांनी खणातून एक लाल चिठ्ठी काढली.

लाल चिठ्ठीचं सांगायला हवं. त्या संग्रहालयात संचालकांची सही कुणी वाचत नसे, बाईंच्या सूचना लोक विसरत, आगीच्या सूचनेखाली लोक डबे उघडून बसत. पण तळघरातून लाल चिठ्ठी लागली की ती वस्तू जागची हलायची नाही. चिठ्ठीवर तीनच शब्द छापलेले असत: ‘नाजूक. हलवू नये.’ हाडाला हात लावणाऱ्यानेच ते म्हणायचं आणि बाकीच्यांनी का म्हणून विचारायचं नाही, असा दंडक होता. एकदा एका मंत्र्याला डायनासोरच्या पायाशेजारी फोटो काढायचा होता. काकांनी पायाला लाल चिठ्ठी लावली आणि मंत्र्याने जिराफाशेजारी काढला.

एकतीस वर्षांत काकांनी चिठ्ठी खोटी लावली नव्हती. त्या दुपारी लावली. काकासॉरसच्या पेटीला, चांगली मधोमध.

संध्याकाळी निघताना बाई जिन्यात भेटल्या.

"लाल चिठ्ठी पाहिली," बाई म्हणाल्या.

काका पायरीवरच थांबले. "हो. ते... डाव्या बाजूला जरा..."

"मला कशाला सांगताय? यंत्रवाला कुरकुरत होता. मी म्हटलं, बाबा रे, या माणसाने चिठ्ठी लावली की विषय संपला. हा माणूस हाडाच्या बाबतीत खोटं बोललेला मी पाहिलेला नाही." आणि कपातला उरलेला चहा संपवून त्या वर गेल्या.

याच्यापेक्षा त्या कुदळीवरून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

*

रविवारी मेव्हणी आणि साडू जेवायला आले.

साडू हे नातं मोठं शास्त्रीय आहे. रक्ताचा थेंबही सारखा नसतो, पण एकाच सासऱ्याचे जावई म्हणून दोन माणसं एका ओळीत बसतात, सारखीच तक्रार करतात, सारखीच वाढलेली पोटं सांभाळतात, आणि परका माणूस त्यांना भाऊच समजतो. काकांचे साडू शहराच्या बागांचे अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. जाताना लोकांनी त्यांच्या नावाचा एक बाक मोठ्या बागेत बसवला होता. पितळी पाटी, त्यावर नाव. गेली सात वर्षं मेव्हणीच्या बोलण्यात तो बाक दर जेवणाला, साधारण दुसऱ्या वाढपाच्या सुमारास, यायचा.

"काल गेलो होतो बाकावर," मेव्हणीने सुरुवात केली. "एक जोडपं बसलं होतं. इतकं छान वाटलं! म्हटलं, ह्यांच्यामुळे कुणाची तरी सोय होतेय."

"कावळ्यांचीही होते," काकांची बायको म्हणाली. "ताई, भात घे. शनिवारी येताय ना दालन बघायला? ह्यांचा प्राणी मधोमध आहे. काचेत. वर कावळा बसत नाही."

"तो सरडाच ना?"

"सरडा नाही तो, ताई! सरड्यासारखा आहे. किती वेळा सांगितलं? सरड्यासारखं दिसलं म्हणून सरडा होत नसतो. तसं बघितलं तर आपले हे दोघेही..." बायकोने समोरच्या दोन टकलांकडे पाहिलं आणि वाक्य अर्धं सोडलं. "मुद्दा असा की बाक शंभर वर्षांत कुजेल. हे नाव पुस्तकात आहे. पृथ्वी आहे तोवर."

काकांना ठसका लागला. साडूंनी पाणी पुढे केलं.

जेवण झाल्यावर दोघी बहिणी आत आवरायला गेल्या आणि दोघे साडू गॅलरीत येऊन बसले. साडू बराच वेळ खिशात काहीतरी चाळवत होते. शेवटी त्यांनी ते बाहेर काढून कठड्यावर ठेवलं. छोटा स्क्रूड्रायव्हर.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"कुणाला सांगू नका, साडूभाऊ. आत तर अजिबात नाही." साडूंनी आवाज उतरवला. "बाकावरची पाटी ढिली होते. लाकूड फुगतं, सुकतं, स्क्रू बाहेर येतात. दोन वेळा खाली पडलेली मलाच सापडली. बागेच्या ऑफिसात सांगितलं, तर तिथला नवा पोरगेला साहेब म्हणतो, हे कोण? माझंच नाव वाचून मलाच विचारतो, हे कोण!"

"मग?"

"मग काय? महिन्यातून एकदा फिरायला म्हणून जातो आणि स्क्रू पिळून येतो. इकडे-तिकडे बघतो, कुणी नाही असं पाहून पटकन खाली वाकतो." साडू हसले, पण ते हसू काही धड उमटलं नाही. "गेल्या खेपेला एक बाई विचारायला लागली, काही पडलंय का आजोबा? म्हटलं, हो, चष्मा. आपलंच नाव आपणच घट्ट करत बसायचं, साडूभाऊ! नाव ठेवणारे ठेवून गेले. त्याची हमाली मात्र आपल्याला."

काकांच्या डोळ्यांसमोर पेटीवरची लाल चिठ्ठी आली होती, चांगली मधोमध लावलेली.

"तुमचं बरं आहे," साडू म्हणाले. "दगडातलं नाव. स्क्रू नाहीत."

"स्क्रू नाहीत," काका म्हणाले. "प्लास्टर आहे."

साडूंना ते कळलं नाही. काका त्यांना कळेल असं बोललेच नव्हते.

*

सोमवारी सकाळी काकांनी स्वतःच्या हाताने लाल चिठ्ठी काढली, पेटी टेबलावर घेतली आणि बाईंना खाली बोलावलं. बाई कप घेऊनच आल्या.

"बसा बाई. कप लांब ठेवा."

"का?"

"त्याचंच सांगायचंय."

काकांनी सगळं सांगितलं. उडालेले दोन दात, कुदळ, भसकन आत गेलेली सुई, प्लास्टर, सासूबाईंचा जबडा, अकरा वर्षं, लाल चिठ्ठी. काही गाळलं नाही. सांगताना बघत मात्र ते बाईंच्या चपलांकडे होते. बाईंची उजवी चप्पल आधी हलत होती. पुढे ती हलायची थांबली.



"म्हणजे एकतीस वर्षं," बाई शेवटी म्हणाल्या, "मी प्लास्टरवर निबंध लिहितेय."

"तसं... थोडक्यात, हो."

"सात निबंध आहेत, काका. एक कुळ आहे. त्या कुळात सभासद एक. आणि तो सभासद तुम्ही कालवलात." बाईंचा आवाज वाढला. "अकरा वर्षं! या अकरा वर्षांत दोनदा मी बाहेरच्या परिषदेत उभी राहून छातीठोकपणे सांगितलंय, की या कवटीचं छप्पर सलग आहे, हवं तर येऊन बघा! आला असता एखादा! रोज समोर बसून चहा पिता माझ्या, आणि..." त्या मध्येच थांबल्या. "एक मिनिट. तुम्ही म्हणालात, टेबलावरचा चहा. तो कुणाचा होता?"

काकांनी खाली मान घातली. "तुमचाच होता."

"मी तेव्हा शिपायाला झापलं होतं! अर्धा कप कुणी पळवला म्हणून!"

"आठवतंय."

बाईंच्या चेहऱ्यावर राग होताच. पण रागाबरोबर आणखी काहीतरी वर यायला लागलं होतं, आणि ते दाबायला त्यांनी रुमाल तोंडाला लावला. तो पुरला नाही. "माझाच चहा," त्या रुमालाआडून म्हणाल्या, "माझ्याच निबंधात!" आणि मग खांदे हलायला लागले. काकांना आधी वाटलं त्या रडताहेत. ते घाबरून उठायला गेले तर बाई म्हणाल्या, "बसा खाली! मी माफ केलेलं नाही. उघडा ते भोक. माझ्यासमोर."

काकांनी भिंग ओढलं. जुन्या प्लास्टरवर पाण्याचे चार थेंब सोडले, थांबले, आणि सुई टेकवली. एकतीस वर्षांपूर्वी जे वीस मिनिटांत भरलं होतं ते काढायला अडीच तास लागले. प्लास्टर भुकटी होऊन निघत होतं. किंचित चहाचा वास आला असं काकांना वाटलं; तो बाईंच्या कपाचाही असेल. शेवटचा कण त्यांनी कुंचल्याने झाडला आणि भिंगातून पाहिलं, आणि पाहतच राहिले.

"काय झालं?" बाई म्हणाल्या. "बोला की!"

"कडा," काका म्हणाले. "कडा बघा, बाई."

बाईंनी भिंगाला डोळा लावला. फुटलेल्या हाडाची कड धारदार असते, करकरीत असते, तुटलेल्या कपासारखी. ही तशी नव्हती. ही चौफेर गोल वळलेली होती, गुळगुळीत, कपाच्या ओठासारखी. जिथून चावण्याचा स्नायू आरपार जायचा, तिथे हाडाने स्वतःच रीतसर वाट ठेवलेली होती.

"जन्माचं आहे," बाई म्हणाल्या. "एक भोक. सासूबाईच आहेत ह्या. काका, तुमचा प्राणी गेला. सरपटणाऱ्यांत पण नाही राहिला. पार इकडे आला, आपल्या गोतावळ्यात."

पण काका ऐकत नव्हते. दातांवरून त्यांना हे डोक्याने अकरा वर्षांपूर्वीच कळलं होतं. बोटांना आज कळलं. भुवयांच्या मधली जी आठी बायको लग्नापासूनची समजत होती ती खरं तर या कवटीपासूनची होती, आणि ती सैल पडत चालली होती.

"मी फोडलं नव्हतं," ते म्हणाले. "बाई, मी काहीच फोडलं नव्हतं."

"नाही. तुम्ही नुसतं बुजवलंत," बाई म्हणाल्या. "ते फोडण्यापेक्षा वाईट आहे. पण हात तेव्हाही चांगलाच होता तुमचा, हे मान्य करावं लागेल." आणि त्यांनी रिकामा कप उचलला. "आता मी वर जाते आणि आठवा निबंध लिहिते. पहिल्या सातांत काय चुकलं यावर. माझ्या वयाला तोच एक शोभेलसा विषय उरलाय."

*

घरी सांगणं हे यापेक्षा अवघड होतं. काकांनी बायकोला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं. तिने ऐकून घेतलं, भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताईला माहितेय?"

"नाही."

"मग शनिवारी सांगू नका."

"शनिवारी काचेवर लिहिलेलंच असेल."

"म्हणजे नाव अगदीच पुसणार?"

"पुसत नाहीत. जुन्या नावाखाली बारीक अक्षरात लिहितात, की याला एकदा हेही म्हणत असत. ते यादीत कायम राहतं. आणि ते नाव पुन्हा दुसऱ्या कुठल्या प्राण्याला देता येत नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

"मग काय!" बायको उठली. "रिकामं असलं तरी राखीवच ना? ताईच्या बाकावर कुणीही बसतं."

शनिवारी दालन उघडलं. पडद्यावर कवटी फिरत होती आणि तिच्या डोळ्यामागचं भोक दर सात सेकंदांनी समोर येऊन जात होतं. मधल्या काचेसमोर काका, बायको, मेव्हणी आणि साडू उभे राहिले. वर मोठ्या अक्षरात सासूबाईंचं पूर्ण नाव होतं, एका दमात वाचता न येणारं. त्याखाली बारीक अक्षरात: ‘यालाच पूर्वी काकासॉरस म्हणत.’ आणि त्याच्याही खाली बाईंनी स्वतः लिहिलेल्या ओळी:

‘कवटीतलं हे भोक एकतीस वर्षं चहा-प्लास्टरने बुजवलेलं होतं. बुजवणारे आणि उघडणारे गृहस्थ एकच. दोन्ही कामं उत्कृष्ट.’

मेव्हणीने ते दोनदा वाचलं. "म्हणजे प्राणी ह्यांचा नाही, पण भोक ह्यांचं?"

"भोक प्राण्याचंच आहे," काका म्हणाले.

"मग ह्यांचं काय?"

"प्लास्टर," काकांची बायको मान ताठ ठेवून म्हणाली. "कुणाला एकतीस वर्षं कळलं नाही, असं प्लास्टर. बाकाची पाटी टिकते का तितकी?"

साडूंनी घाईघाईने काचेच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. तिथे आणखी एक ओळ होती, पाहुण्यांसाठी: ‘तुमचीही अशीच वाट आहे. बोटं कानशिलावर, डोळ्याच्या जरा मागे टेकवा, आणि दात दाबा.’

साडूंनी बोटं टेकवली आणि दात दाबले. "अरे, हलतंय की!" ते ओरडले. मग मेव्हणीने टेकवली. मागच्या रांगेतल्या माणसांनी टेकवली, दोन पहारेकऱ्यांनी टेकवली, आणि बघता बघता सगळं दालन कानशिलाला बोटं लावून, तोंडात काही नसताना, गंभीरपणे चावायला लागलं. पलीकडे बाई कप हातात घेऊन हे बघत उभ्या होत्या. अठ्ठावीस कोटी वर्षांत सासूबाईंचा गोतावळा इतका एकत्र आला नव्हता.

"साडूभाऊ, म्हणजे आपण दोघे एकाच खणात," साडू चावता चावता म्हणाले.

"एकाच," काका म्हणाले, आणि त्यांच्या कानाशी लागून हळूच, "सोमवारी बागेत येतो. थोडं प्लास्टर आणतो. स्क्रूच्या भोकात भरलं की पाटी हलायची नाही."

"कुणाला कळेल?"

"कळलं तरी चालेल. या खेपेला पांढरंच ठेवू."

काकांची बायको तेवढ्यात पुढे झाली, तिने नवऱ्याच्या कानशिलावर दोन बोटं ठेवली आणि भुवया चढवल्या.

"दाबा बघू दात," ती म्हणाली. "ह्यांचं उघडं आहे की बुजवलेलं, आजच बघून घेते."